हात वर

एप्रिलचा शेवटचा रविवार. आपेनझेलच्या चौकात
दोरखंडाचं रिंगण. आत फक्त पुरुष,
प्रत्येकाच्या कमरेला तलवार.
मतदार असल्याचा पुरावा तोच.
आमची पणजोबांच्या वेळची. मुठीवरचं पितळ
आई आदल्या दिवशी राखेनं घासायची,
मग आपलं तोंड त्यात बघायची, वाकडं, पिवळं.

बेकरीच्या वर क्रेसेंझमावशीची खिडकी.
तिथे आम्ही बायका, मांडीवर रुमाल.
पॅरिसच्या कुणा साहेबाची आद्याक्षरं
पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं.
तिरकं धरल्याशिवाय दिसायची नाहीत.
गाई सहा, बँकेचा हप्ता मोठा;
घर त्या रुमालांवर चालायचं.

आईला मत होतं. दुधाच्या भावावर,
पाद्रीबाबांच्या लांबलेल्या प्रवचनावर,
ओढ्यावर बांध कुठे घालावा, यावरसुद्धा.
शनिवारी रात्री सूप भुरकत बाबा विचारायचे,
"वाली, तुला काय वाटतं?"
ती सांगायची. सकाळी ते सांगणं
तलवारीसोबत त्यांच्या कमरेला लटकून जायचं.
मत होतं तिला.
मत नव्हतं.

वरून बाबांचा हात ओळखणं सोपं:
करंगळी लाकडाच्या वखारीत करवतीनं नेलेली.
"बघ हं," आई मला कोपरानं ढोसायची,
"आता माझं मत वर येईल."
यायचं. बहुतेक वेळा.

नव्वद साली विषय आमचाच होता:
बायकांना रिंगणात घ्यायचं का?
बाकी देशानं होकार देऊन एकोणीस वर्षं झालेली.
त्या शनिवारी बाबांनी काही विचारलं नाही.
पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसला, झोपायला गेले.

सकाळी बारीक बर्फ.
"बाजूनं?"
हात आले, इथे तिथे,
उशिरा उगवलेल्या गवतासारखे.
आई चार बोटं शोधत राहिली.
"विरुद्ध?"
चौकाचं रान झालं.
आणि कारंज्याच्या डावीकडे, त्या रानात, चार बोटं.

"लांबून नीट कळत नाही गं," मावशी म्हणाली.
"कळतं," आई म्हणाली,
आणि दातानं दोरा तोडला.

ती भांडली नाही. गाईंच्या धारा काढल्या.
बाबाच बोलले, बूट काढता काढता,
"सगळेच करत होते. माझ्या एकट्याच्या हातात काय होतं?"
दिवसभरात दुसऱ्यांदा
त्यांनी हात वर केले.

हिवाळा लागताना लोझानच्या कोर्टाचा निकाल आला:
कायद्यातल्या 'नागरिक' या शब्दात बायकाही येतात.
रेडिओ सांगत होता, आई इस्त्री करत होती.
"म्हणजे होतोच आम्ही त्यात," ती म्हणाली,
"नुसतं तिरकं धरायचं होतं."

पुढच्या एप्रिलात तलवारीवर गंज.
बाबांनी स्वतः घासली. वाईट घासली.
आईकडे पिवळं कार्ड, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं.
दोरखंडाशी शेजारचा झेप्प बाजूला सरकला,
मानानं की किळसेनं, त्यालाही माहीत नसावं.
मी सतरा वर्षांची. अजून खिडकीतच.

पहिला विषय कसल्याशा पुलाच्या डागडुजीचा.
चाळीस वर्षं रुमालावर वाकून
आईचा खांदा कानाच्या वर जायचा बंद झालेला.
तिनं डाव्या हातानं उजवं कोपर धरलं
आणि ढकललं वर.
मधल्या बोटात अंगुस्तान, काढायचं राहिलेलं.
शेजारी बाबा. त्यांचा हात खाली.

तिथे हात कुणी मोजत नाही, नजरेनं अंदाज घेतात.
मी मोजला.

पूल मंजूर झाला. दुसरा विषय वाचायला घेतला.
तिचा हात वरच.
बाबांनी चार बोटांनी तिच्या बाहीला हळूच हात लावला;
"वाली, झालं" असं काहीतरी म्हणाले असावेत.
तिचे ओठ मात्र मला वरून स्वच्छ दिसले:
थांबा जरा.